अपग्रेड झालं आणि पुस्तकं हरवली: एका वाचनालयाच्या व्हर्च्युअल मशीनचं प्रकरण

मंगळवारी दुपारी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. "अरे, पुस्तक माझ्या हातात आहे आणि कंप्युटर म्हणतोय असं पुस्तकच नाही."

दाखल क्रमांक विचारला. म्हणाल्या, "बारा-पाच." म्हटलं, "बाई, नावाने शोधून बघा." त्यांनी शोधलं. नावाने पुस्तक लगेच सापडलं, आणि समोर दाखल क्रमांकही बारा-पाच असाच लिहिलेला होता. परत क्रमांकाने शोधलं, तर "नोंद आढळली नाही."

त्याआधीच्या रविवारी, म्हणजे नऊ दिवसांपूर्वी, मी वाचनालयाच्या मशीनवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम १८.०४ वरून २०.०४ वर अपग्रेड केली होती. सगळं सुरळीत झालं असं समितीच्या ग्रुपवर कळवलंही होतं. अंगठे आले होते.

हे माझ्या गावचं, तालुक्याच्या ठिकाणचं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ नुसार मान्यता, 'अ' वर्ग, एकतीस हजारांवर ग्रंथ. मी पुण्यात सर्व्हर सांभाळण्याची नोकरी करतो आणि गावच्या वाचनालयाचं हे एक मशीन हौसेने बघतो. मशीन म्हणजे कार्यालयातल्या विंडोज १० च्या पीसीवर (होस्ट) व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या आत उबुंटूचा सर्व्हर (गेस्ट). त्यात पीएचपी या भाषेत लिहिलेलं देवघेवीचं सॉफ्टवेअर आणि मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं तो मुलगा केव्हाच परदेशी गेला. त्याने काय कुठे बसवलंय याचा कागद कोणाकडेच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण नवीन मशीन न उभारता आहे तेच अपग्रेड करायचं मी ठरवलं ते यामुळेच.

अपग्रेडची निकड साधी होती. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा पाठिंबा ३१ मे २०२३ ला संपत होता. खरं तर उबुंटू प्रो घेऊन २०२८ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळत राहिले असते, आणि पाच मशीनपर्यंत वैयक्तिक वापराला ते फुकट आहे. पण पोस्टग्रेस १० चा पाठिंबा त्याच्या मूळ प्रकल्पाने नोव्हेंबर २०२२ मध्येच संपवला होता, पीएचपी ७.२ त्याहूनही आधी बंद झालेलं. आज ना उद्या हे करायचंच होतं. उबुंटूत दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांमध्ये उडी मारता येत नाही, पायरी चढावी लागते: १८.०४ वरून २०.०४, मग २२.०४. म्हणून पहिली पायरी मे महिन्यातल्या एका रविवारी.

तयारी मी नीट केली होती, असं मला तेव्हा वाटत होतं. सॉफ्टवेअर थांबवलं, व्हर्च्युअल मशीन पूर्ण बंद केलं आणि बंद अवस्थेत स्नॅपशॉट, म्हणजे परत येता येईल अशी त्या क्षणाची नोंद, घेतला. चालू मशीनचा घेतला तर डिस्कवर अर्धवट लिहिलेलं राहण्याची शक्यता असते, बंद मशीनचा स्वच्छ असतो. मग मशीन चालू करून आधी १८.०४ चेच सगळे अपडेट बसवले, जुने कर्नल, म्हणजे सिस्टीमचे गाभे, काढून बूटच्या विभागात जागा केली आणि डू-रिलीज-अपग्रेड ही आज्ञा दिली. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून थेट उबुंटूत शिरून नाही, तर पीसीवर दूरून येऊन व्हर्च्युअलबॉक्सच्याच खिडकीत. एसएसएचवरून दिली तर उबुंटू सावधगिरी म्हणून १०२२ क्रमांकाच्या पोर्टवर दुसरा एसएसएच सुरू करतो, आणि काम स्क्रीन नावाच्या प्रोग्रॅमच्या आत चालतं म्हणून जोडणी तुटली तरी ते तुटत नाही. पण व्हर्च्युअल मशीनला कन्सोल, म्हणजे मशीनचा स्वतःचा पडदा, फुकट मिळालेला असताना ती कसरत कशाला? नेटवर्कची सेवाच मध्ये पडली तरी कन्सोल दिसत राहतो.

अपग्रेडला दीड तास लागला. त्यात मध्ये एक निळा पडदा आला होता. त्यावर असा मजकूर होता की पोस्टग्रेस १० ही आवृत्ती आता जुनी झाली आहे, १२ बसवलेली आहे, आधीचं क्लस्टर (पोस्टग्रेसचा डेटासह चालणारा संच) नव्यावर न्यायचं असेल तर नवं रिकामं क्लस्टर काढून टाका आणि पीजी-अपग्रेडक्लस्टर ही आज्ञा चालवा. तो पडदा मी वाचला, "ओके" दाबलं आणि मनात म्हटलं, हे पुढच्या आठवड्यात शांतपणे. मग शेवटी निरुपयोगी पॅकेजं काढू का असं विचारलं, तिथे "नाही" म्हटलं. कारण त्या यादीत पोस्टग्रेस १० होतं, आणि सगळा डेटा त्यातच होता.

म्हणजे रविवारी रात्री स्थिती अशी होती: खाली नवी उबुंटू २०.०४, वर जुनंच पोस्टग्रेस १० आपल्या जुन्या फायलींसह ५४३२ या पोर्टवर चालू, आणि शेजारी ५४३३ वर रिकामं पोस्टग्रेस १२. अपाची हा वेब सर्व्हर उठला नाही, कारण पीएचपी ७.२ चं मॉड्यूल गेलं होतं आणि ७.४ चं चालू केलेलं नव्हतं. तो दोन मिनिटांचा प्रकार. सॉफ्टवेअर उघडलं, चार पुस्तकं नावाने शोधली, एक बारकोड वाचवून देवघेव करून पाहिली, परत घेतली. सगळं ठीक. रात्री साडेदहाला ग्रुपवर निरोप.

पहिला तडाखा दुसऱ्याच बाजूने आला. शनिवारी सकाळी वाचनालय उघडलं तर सॉफ्टवेअर मेलेलं. पीसीवर पाहिलं तर व्हर्च्युअलबॉक्सने मशीन थांबवून ठेवलेलं, होस्टच्या डिस्कवर जागा संपली असा संदेश. २४० जीबीची एसएसडी, त्यात अपग्रेडच्या वेळी जेमतेम पन्नास जीबी मोकळी होती. ती सहा दिवसांत गेली कुठे?

यात स्नॅपशॉटचा एक गुण कळला पाहिजे. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्कची फाइल गोठते आणि त्यानंतरचं प्रत्येक लिखाण वेगळ्या फरकाच्या फाइलीत जातं. गेस्टच्या आत आधीपासून असलेल्या ब्लॉकवर पुन्हा लिहिलं तरी होस्टवर नवी जागा लागते. अपग्रेडने स्वतःच सात-आठ जीबी लिहिले, ते अपेक्षित होतं. उरलेल्या चाळीसचा धनी होता रात्रीचा बॅकअप. डेटाबेस आणि जुन्या दाखल नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं मिळून सुमारे सात जीबीचं गाठोडं दर रात्री दोन वाजता होस्टवरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये पडायचं, आणि तो फोल्डर होस्टला जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर होता. अपग्रेडनंतर तो फोल्डर जोडलाच गेला नव्हता. गेस्ट ॲडिशन्स (असे फोल्डर जोडणारं व्हर्च्युअलबॉक्सचं सॉफ्टवेअर) त्या परदेशी गेलेल्या मुलाने कधीतरी सीडीवरून हाताने बसवल्या होत्या. त्या ४.१५ च्या कर्नलसाठी बांधलेल्या, नव्या ५.४ शी त्यांचं जमलं नाही. मशीन सुरू होताना तक्रार न करता पुढे जाण्याची सोय लावलेली होती, त्यामुळे काही बोंबही झाली नाही. फोल्डर जोडला नसला तरी त्याची रिकामी जागा तशीच असते. बॅकअपची स्क्रिप्ट बिचारी रोज रात्री तिथे, म्हणजे गेस्टच्याच डिस्कवर, सात-सात जीबी ओतत बसली. सहा रात्री. हिशेब जुळला.

शिवाय आठवडाभर आमच्याकडे खरा बॅकअपही नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

गेस्टमधली ती गाठोडी पुसून होस्टवर काही जागा होत नाही, फरकाची फाइल आपोआप आकसत नाही. म्हणून विंडोजमध्येच जुने आयएसओ आणि अपडेटचा कचरा काढून जागा केली आणि मशीन पुढे चालू केलं. तेव्हा हात शिवशिवत होता की स्नॅपशॉटच पुसून टाकावा, आठवडा झाला, सगळं नीट चाललंय. पण स्नॅपशॉट पुसायचा म्हणजे फरकाची फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळायची, आणि त्या मिसळण्यालाही जागा लागते, जी नव्हती. म्हणून राहिला. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं, पण मंगळवारी त्याच स्नॅपशॉटने वाचवलं.

आता पुन्हा बाईंच्या फोनकडे.

नावाने सापडतं, क्रमांकाने सापडत नाही. मी डेटाबेसमध्ये शिरून दोन्ही प्रश्न हाताने विचारले, उत्तर तेच. मग पोस्टग्रेसला सांगितलं की या सत्रात इंडेक्स, म्हणजे शोधायची तयार सूची, वापरू नकोस, तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच. बारा-पाच सापडलं. म्हणजे नोंद जागच्या जागी होती, तिच्याकडे जाणारी वाट बिघडली होती. नावाने शोधताना सॉफ्टवेअर "नावात कुठेही ही अक्षरं" असं शोधतं, त्याला तो इंडेक्स उपयोगी पडत नाही, सगळा तक्ता वाचला जातो. म्हणून नाव चालत होतं.

इंडेक्स बिघडला म्हटल्यावर पहिला संशय शनिवारच्या प्रकारावर गेला. मशीन मध्येच थांबलं, काहीतरी अर्धवट लिहिलं गेलं असणार. दोन तास मी त्याच वाटेने गेलो. पण थांबवलेलं मशीन पुढे चालू होतं तेव्हा गेस्टला काही कळतही नाही, आणि पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एक ओळ तक्रारीची नव्हती. दुसरं म्हणजे, सभासदांचे आणि बारकोडचे इंडेक्स ठणठणीत होते. ते सगळे पूर्णांकांवरचे. बिघडलेला तेवढा दाखल क्रमांकाचा, आणि तो होता मजकुराच्या स्तंभावर, कारण आमचे दाखल क्रमांक नोंदवही क्रमांक, मग आडवी रेघ, मग अनुक्रमांक असे आहेत. १२-५ म्हणजे बाराव्या नोंदवहीतली पाचवी नोंद.

मजकुराचा इंडेक्स मोडतो आणि पूर्णांकाचा टिकतो, हे कळल्यावर खरं कारण डोळ्यांसमोर आलं. मी स्वतः कामाच्या ठिकाणी हे दुसऱ्यांना सांगितलेलं आहे, ही त्यातली जास्त लाजेची बाजू.

पोस्टग्रेस मजकुराचा क्रम स्वतः ठरवत नाही. वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ते ऑपरेटिंग सिस्टीमच्या सी लायब्ररीला, म्हणजे जीलिबसीला, विचारतं की या दोनांत आधी कोण. आमचा डेटाबेस अमेरिकन इंग्रजी यूटीएफ-८ या लोकेलवर, म्हणजे भाषेच्या नियमसंचावर, उभारलेला. उबुंटू १८.०४ मध्ये जीलिबसी २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१. या दोघींच्या मधल्या २.२८ या आवृत्तीत क्रमवारीचे तक्ते मुळापासून बदलले. जुन्या नियमात आडवी रेघ पहिल्या फेरीत मोजलीच जात नसे. नव्या नियमात ती मोजली जाते आणि अंकांच्या आधी येते.

दोन दाखल क्रमांक घ्या, १२-५ आणि १-३०५. जुन्या नियमाने रेघ सोडून वाचायचं: १२५ आणि १३०५. मजकूर म्हणून दुसऱ्या जागी दोन आणि तीन, म्हणून १२-५ आधी. नव्या नियमाने दुसऱ्या जागी एकीकडे दोन, दुसरीकडे रेघ. रेघ आधी, म्हणून १-३०५ आधी. क्रम उलटा झाला.

इंडेक्स म्हणजे शब्दकोश. आपण शब्दकोश मधूनच उघडतो आणि "माझा शब्द याच्या मागे की पुढे" असं बघत अर्धा-अर्धा वगळत जातो. रातोरात वर्णमालेचा क्रम बदलला आणि शब्दकोशाची पानं जुन्याच क्रमाने बांधलेली राहिली, तर आपण आत्मविश्वासाने चुकीच्या दिशेला जाऊ आणि "शब्द नाही" असं सांगून मोकळे होऊ. पोस्टग्रेस हेच करत होतं. त्याच्या दृष्टीने चूक घडलेलीच नव्हती, त्यामुळे लॉगमध्ये काही नव्हतं. दहाव्या आवृत्तीला जीलिबसीची आवृत्ती बदललेली कळायची सोयच नाही. डेटाबेसच्या मूळ कोलेशनची (क्रमवारीच्या नियमांची) आवृत्ती लिहून ठेवून इशारा देणं पंधराव्या आवृत्तीत आलं.

संशय होता तरी खात्री करायची होती, आणि इथे तो न पुसलेला स्नॅपशॉट कामी आला. व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉटवरून वेगळा क्लोन काढता येतो, चालू मशीनला हात न लावता. होस्टवर जागा नव्हती म्हणून क्लोन बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढला. नेटवर्क फक्त अंतर्गत ठेवलं. हे महत्त्वाचं. क्लोनचा मशीन-आयडी मूळ मशीनचाच असतो, आणि १८.०४ पासूनचा उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागताना ओळख म्हणून त्याच आयडीवरून बनवलेलं नाव सांगतो. नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता बदलला तरी दोघांना एकच आयपी मिळू शकतो, आणि मग काउंटरवरची देवघेव कुठल्या मशीनवर पडतेय ते देव जाणे.

दोन खिडक्या शेजारी उघडल्या. डावीकडे रविवार दुपारचं १८.०४, उजवीकडे आजचं २०.०४. दोन्हीकडे सॉर्ट या क्रम लावणाऱ्या आज्ञेला दोनच ओळी दिल्या, एक-रेघ-एक आणि अकरा. डावीकडे उत्तर आलं अकरा, मग एक-रेघ-एक. उजवीकडे एक-रेघ-एक, मग अकरा. पुरावा मिळाला. पोस्टग्रेसच्या वर्तुळात ही दोन ओळींची चाचणी सर्वांना पाठ असते. दहाव्या आवृत्तीपासून ॲमचेक नावाचं विस्तार-पॅकेज मिळतं, ते इंडेक्स तपासून देतं. तेही चालवलं. उजवीकडे त्याने क्रमाचा नियम मोडल्याची चूक पहिल्या झटक्याला दाखवली, डावीकडे गप्प.

मग नऊ दिवस हे कोणाला कळलं कसं नाही? कारण देवघेव बारकोडवर चालते, आणि बारकोड पूर्णांक आहे. क्रमांक हाताने टाकायची वेळ येते ती फक्त ज्या जुन्या ग्रंथांना बारकोडची चिठ्ठी लावलेली नाही त्यांच्यासाठी. रोज पाच-दहा. काउंटरवरच्या मदतनीस मुलीने नोंद सापडत नाही म्हटल्यावर जे योग्य वाटलं ते केलं: पुस्तक संगणकावर चढवायचं राहून गेलं असेल असं समजून नवी नोंद केली आणि पुस्तक दिलं. तिची काय चूक? आधी अनेकदा खरंच राहिलेलं असायचं.

दाखल क्रमांक एकमेव असला पाहिजे ही अट डेटाबेसमध्ये होती. पण ती अट राखतो तोच इंडेक्स. नवा क्रमांक टाकताना पोस्टग्रेस इंडेक्समध्ये बघतं की हा आधी आहे का, चुकीच्या पानावर बघतं, नाही असं ठरवतं आणि नोंद घेतं. एकाच दाखल क्रमांकाच्या दोन-दोन ओळी. अशा तेवीस जोड्या निघाल्या.

या टप्प्यावर समितीच्या कार्यवाहांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त होता, "तो स्नॅपशॉट आहे ना? मागे जा की." मागे गेलो असतो तर नऊ दिवसांची देवघेव, भरलेल्या वर्गण्या, सुट्टीत झालेले बालविभागाचे नवे सभासद, सगळं पुसलं गेलं असतं. स्नॅपशॉटवर परतायची सोय खरी असते ती लोक काम सुरू करेपर्यंतच. सोमवारी सकाळी नऊ वाजता पहिली पावती फाडली गेली आणि ती वाट बंद झाली. मी मात्र आठवडाभर "स्नॅपशॉट आहे" या भरवशावर निवांत होतो. आणि नुसता डेटाबेस जुन्या मशीनवर उचलून नेला असता तरी भागलं नसतं: नऊ दिवसांत आलेल्या ओळी इंडेक्समध्ये नव्या नियमाने घुसल्या होत्या आणि जुन्या ओळी जुन्या नियमाने बसलेल्या. मिश्र झालेला तो इंडेक्स कुठल्याच जीलिबसीला धड वाचता आला नसता.

समाधान एवढंच की बिघाड इंडेक्सचा होता, तक्त्यातला मजकूर शाबूत होता. म्हणून पुढेच जायचं ठरलं, आणि बुधवारी वाचनालय अर्धा दिवस बंद ठेवलं.

कामाचा क्रम महत्त्वाचा होता. सरळ सगळे इंडेक्स पुन्हा बांधायला सांगितले असते तर दाखल क्रमांकाचा इंडेक्स बांधता बांधता अडला असता, अमुक किल्ली दोनदा आली आहे असं सांगून. पीजी-अपग्रेडक्लस्टरने डेटा बाराव्या आवृत्तीवर न्यायला निघालो असतो तरी तिथेच अडलो असतो, कारण ती आज्ञा नेहमीच्या पद्धतीत डम्प, म्हणजे डेटाची पूर्ण नक्कल, काढून नव्या क्लस्टरमध्ये ओतते आणि इंडेक्स नव्याने बांधते. गंमत बघा: रविवारी त्या निळ्या पडद्याचं ऐकून ही आज्ञा तेव्हाच चालवली असती, तर इंडेक्स आपसूक नव्या नियमाने बांधले गेले असते आणि हे लिहायला काही उरलंच नसतं. फायली जशाच्या तशा उचलून नेणारी जलद पद्धत निवडली असती तर मात्र बिघडलेले इंडेक्सही बरोबर गेले असते.

तेव्हा आधी जोड्या. इंडेक्स न वापरता गटवारी करून यादी काढली, छापली आणि बाईंना व्हिडिओ कॉलवर घेतलं. बावीस जोड्या सरळ होत्या: जुन्या ओळीत लेखक, प्रकाशन, किंमत सगळं, नव्या ओळीत नाव आणि घाईत टाकलेला क्रमांक. नव्या ओळीवर पडलेली देवघेव जुन्या ओळीकडे वळवली आणि नवी ओळ काढली. मात्र यादीतल्या एकाच्या बाबतीत दोन ओळींची नावंच वेगळी निघाली. एक ग्रामीण कथांचा संग्रह, दुसरं आयुर्वेदावरचं पुस्तक. एकमेव असण्याची अटच झोपलेली असल्याने टाइप करताना झालेली खरीखुरी चूकही आत शिरली होती. खरा क्रमांक कोणाचा?

बाई म्हणाल्या, "थांब, पान बघते." आमच्या वाचनालयात प्रत्येक ग्रंथाच्या एका ठरलेल्या पानावर दाखल क्रमांकाचा शिक्का असतो. पान कुठलं ते मी लिहीत नाही, मुखपृष्ठ फाडणाऱ्यांना तेवढंच पुरे. मोबाइल कपाटाला टेकवून त्यांनी आयुर्वेदाचं पुस्तक काढलं, पान उघडून कॅमेऱ्यासमोर धरलं. शिक्क्यात १४-६२ होतं, आणि संगणकावर ४१-६२ चढलेलं. अंकांची अदलाबदल. एकशे साठ वर्षांच्या परंपरेचा ग्रंथव्यवहार आणि दहा वर्षांचं सॉफ्टवेअर यांच्या भांडणात निकाल जांभळ्या शाईने दिला. (एकशे साठ ही बाईंची आवडती संख्या, मी पडताळलेली नाही.)

जोड्या मिटल्यावर सगळा डेटाबेस रीइंडेक्स केला. एकतीस हजार ओळींना किती लागणार, चहा यायच्या आत झालं. मग रिकामं बारावं क्लस्टर काढलं, पीजी-अपग्रेडक्लस्टर चालवलं, पोर्टची अदलाबदल त्यानेच केली. शेवटी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली जी प्रत्येक दाखल क्रमांक एकेक करून इंडेक्समधून शोधते आणि सापडला नाही तर ओरडते. ती शांतपणे शेवटपर्यंत गेली. हीच स्क्रिप्ट रविवारी रात्री चालवली असती तर चार पुस्तकं नावाने शोधून खूश होण्याची वेळ आली नसती. मी तपासलं होतं ते मशीन उठतं की नाही आणि पडदे दिसतात की नाही. डेटाला मी एकही अवघड प्रश्न विचारला नव्हता.

गेस्ट ॲडिशन्स काढून उबुंटूच्या स्वतःच्या भांडारातल्या बसवल्या, म्हणजे पुढच्या कर्नलबरोबर त्या आपोआप बदलतील. बॅकअपच्या स्क्रिप्टला आधी विचारायला लावलं की फोल्डर खरंच जोडलेला आहे का, नसेल तर लिहूच नकोस आणि मला मेल कर.

दुसऱ्या पायरीला, २२.०४ ला, मी जागच्या जागी अपग्रेड केलंच नाही. जागच्या जागी अपग्रेड ही लोखंडी सर्व्हरच्या काळातली सवय आहे. तेव्हा दुसरं मशीन म्हणजे दुसरा खर्च होता, म्हणून असलेल्या घरातच राहून भिंती पाडाव्या लागत. व्हर्च्युअल मशीनमध्ये शेजारी दुसरं घर बांधणं जवळपास फुकट असताना मी तोच त्रास हौसेने घेतला होता, निव्वळ त्या न लिहिलेल्या कागदाच्या भीतीने. तो कागद या वेळी आधी तयार केला. जुन्या मशीनच्या क्लोनमध्ये बसून दोन रविवार घालवले आणि काय काय बसवलंय, कुठली क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) कामं आहेत, कुठल्या फायली हाताने बदलल्या आहेत ते वहीत उतरवलं. तेवढं झाल्यावर नवं मशीन उभं करायला एक दुपार लागली.

त्यात पोस्टग्रेस १४, आणि डेटा डम्प काढूनच आणला. दाखल क्रमांकाच्या स्तंभाला सी कोलेशन दिलं. त्यात नुसती बाइटची तुलना होते, कुठल्याही देशाचे नियम नाहीत, त्यामुळे जीलिबसी कितीही बदलली तरी १२-५ ची जागा हलणार नाही. शीर्षक आणि लेखकाच्या स्तंभांना आयसीयू या वेगळ्या लायब्ररीचं मराठी कोलेशन दिलं. आयसीयूची आवृत्तीही उबुंटूबरोबर बदलते, १८.०४ मध्ये ६० होती, २०.०४ मध्ये ६६, २२.०४ मध्ये ७०, म्हणजे रीइंडेक्सचं काम टळत नाही. पण ती बदलली की पोस्टग्रेस स्वतः इशारा देतं. जीलिबसीच्या बाबतीत आम्हाला मिळाली नव्हती ती नेमकी हीच सोय.

पीएचपी ८.१ ने थोडा जीव खाल्ला. जुन्या कोडमध्ये ईच नावाचं फंक्शन चार ठिकाणी होतं, ते आठव्या आवृत्तीत काढून टाकलं आहे. दंडाच्या हिशेबात शून्याची तुलना मजकुराशी केलेली होती आणि तिचा निकाल आठव्या आवृत्तीपासून वेगळा लागतो, त्यामुळे चाचणीत एका आजोबांना उगाच दंड दिसला. हे सगळं नव्या मशीनवर, जुनं मशीन काउंटरवर सुखाने चालू असताना. बाई दोन आठवडे रोज संध्याकाळी बंद करायच्या आधी दहा क्रमांक दोन्हीकडे टाकून बघायच्या आणि फरक दिसला की वहीवर लाल पेनाने लिहायच्या. शेवटचे चार दिवस लाल काही नव्हतं, तेव्हा एका साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी शेवटचा डम्प घेऊन बदल केला. जुनं मशीन बंद केलं, पुसलं नाही.

तेवीसपैकी एका जोडीचं सांगायचं राहिलं. सरळ म्हणून मिटवलेल्या बावीस जोड्यांमधलीच ती एक. दोन ओळींची एक केली, देवघेव वळवली, सगळं जुळलं. मग डिसेंबरच्या ग्रंथपडताळणीत लक्षात आलं की ते पुस्तक कपाटात नाही, कोणा सभासदाच्या नावावरही नाही. मदतनीस मुलगी शपथेवर सांगते की मे महिन्यात ते तिच्या हातात होतं, म्हणूनच तर तिने नोंद केली. संगणकावर मी आता काही करू शकत नाही. बाईंनी दाखल नोंदवहीत त्या ओळीसमोर पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "शोध चालू".